सावळा कोटणीस, मराठी चिंगलान: ऐतिहासिक नाटकातल्या पात्रनिवडीबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही सोलापुरात हौशी मंडळासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचं, म्हणजे जपानशी युद्ध चालू असताना चीनमध्ये रुग्णसेवेला गेलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांवरचं, दोन अंकी नाटक बसवताय. वाचनात सगळ्यांत उजवा ठरलेला मुलगा बराच सावळा आहे, शहराच्या पूर्वभागातला, घरी तेलुगू बोलणारा. मंडळातले एक ज्येष्ठ म्हणतात, "ऐतिहासिक व्यक्ती आहे, तशीच दिसायला हवी. त्यालाच घ्यायचं असेल तर मेकअपचा बेस दोन शेड वर, म्हणजे उजळ, घ्या." कोटणीसांच्या चिनी पत्नी गुओ चिंगलान यांच्या भूमिकेसाठी रंगभूषाकार डोळ्यांच्या कडा टेपने ओढू म्हणतोय. कुणी सुचवलंय की नर्सिंग कॉलेजात मणिपूरची एक मुलगी आहे, तिलाच विचारा. या सगळ्याला कंटाळून तुम्ही विचारताय की परदेशात ऐतिहासिक पात्रं रंग न बघता देतात, तर आपणही रंगाकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलं तर काय हरकत आहे?

भूमिका त्या मुलालाच द्या आणि बेस त्याच्या स्वतःच्या रंगाचा ठेवा. टेप अजिबात नको. पण "रंगाकडे बघायचंच नाही" हा नियम मी तुम्हाला घालून देणार नाही, कारण त्याने तुमची अडचण सुटत नाही, नुसती झाकली जाते.

आपल्या हौशी रंगभूमीवर रंग बघूनच भूमिका वाटल्या जातात, फक्त तसं कुणी बोलून दाखवत नाही. राणी उजळ, दासी सावळी. राजपुत्र गोरा, मारेकरी काळा. मावळ्यांच्या घोळक्यात सावळी पोरं मागे उभी. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या आपल्या मुलामुलींत सावळे किती आणि रंगमंचाच्या मधोमध उभे राहणारे सावळे किती, हे एकदा आपल्या मंडळाच्या जुन्या फोटोंत बघा. अशा सवयीच्या घरात "मी रंग बघत नाही" असं म्हटलं, तरी हात सवयीनेच चालतो. म्हणून मी रंग बघते, मुद्दाम बघते. एखाद्या मुलीला दासीचं काम देताना स्वतःला विचारते, की हिचं वाचन ऐकून दिलं की हिला बघून दिलं? पहिलं वाचन मी डोळे मिटून ऐकते. त्यानंतर डोळे उघडून उंची, चाल, दोन नटांची जोडी हे सगळं बघायचंच असतं, पण तोवर आवाजाने आपलं म्हणणं मांडलेलं असतं.

आता ज्येष्ठांच्या मुद्द्याकडे येते, कारण तो उडवून लावण्यासारखा नाही. खऱ्या माणसावर नाटक करताना त्या माणसाचं आपण काही देणं लागतो. सोलापुरात तर कोटणीस घरचे आहेत. त्यांचं स्मारक शहरात आहे, शाळेच्या सहली तिथे जातात, प्रेक्षागृहात त्यांचा चेहरा ओळखणारी माणसं बसलेली असणार. त्यामुळे "तसे दिसायला हवेत" ही अपेक्षा रास्त आहे. पण "तसे" म्हणजे नेमकं काय? कोटणीसांचे आपण बघतो ते फोटो कृष्णधवल आहेत. १९३८ ते १९४२ या काळातले, कधी युद्धाच्या धामधुमीत काढलेले, पुन्हा पुन्हा छापून फिकट झालेले. त्यांच्यावरून कपाळ, केसांची ठेवण, अंगकाठी कळते. वर्ण कळत नाही. "कोटणीस गोरे होते" हे आपल्या मनाने भरलेलं आहे, कारण मोठा माणूस उजळच असतो असं आपण धरून चालतो.

हे फक्त कोटणीसांच्या बाबतीत घडत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं उदाहरण घ्या. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली त्यानंतर तिथल्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलिऑट याने लिहिलेल्या पत्रात महाराजांचं वर्णन आहे: मध्यम बांधा, रेखीव शरीर, बोलताना हसरा चेहरा, तीक्ष्ण नजर, आणि आपल्या माणसांपेक्षा वर्णाने उजळ. त्याच काळातला फ्रेंच प्रवासी थेवनो मात्र लिहितो की ते ठेंगणे आणि सावळ्या वर्णाचे होते, डोळे चपळ. वर्णाबद्दल दोघांचं जुळत नाही, नजरेबद्दल जुळतं. दिग्दर्शक म्हणून मी यातून एवढंच घेते की समकालीन माणसांच्या लक्षात राहिली ती नजर, आणि नटाकडून मागायची असेल तर ती मागावी. काशिनाथ घाणेकरांचे डोळे घारे होते. त्यांनी साकारलेल्या संभाजीराजांवर महाराष्ट्राने जीव टाकला. राजांचे डोळे घारे होते का, असं प्रेक्षकांतून कुणी विचारत बसलं नाही.

याहून मोठं उदाहरण जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाचं. बाबासाहेबांचा चेहरा घराघरात, चौकाचौकात. चुकायला जागाच नाही. तिथे भूमिका केली केरळच्या मामुट्टी यांनी, ज्यांची ना भाषा मराठी, ना प्रांत महाराष्ट्र, ना धर्म तो. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात जुळवलं गेलं ते शरीराचं भारदस्तपण, चष्मा, सूट, बसण्याउठण्याची ढब, बोलण्याचा तोल. आपल्या सोलापुरातूनच रंगभूमीवर आलेल्या अतुल कुलकर्णी यांनी 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये गांधीजी उभे केले. त्यांची अंगकाठी आणि गांधीजींची अंगकाठी आठवून बघा. हुबेहूब दिसणं आणि पटणं या दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब असू शकतात ते कळेल.

आता खास तुमच्या नाटकाबद्दल. मला वाटतं तुमच्या मंडळात अजून कुणाच्या एक गोष्ट लक्षात आलेली नाही. या नाटकातला "वेगळा दिसणारा माणूस" कोण आहे? तुम्ही सगळे चिंगलानच्या डोळ्यांवर अडून बसलात. पण पहिल्या अंकातला बोटीचा प्रवास संपला की पुढचं सगळं नाटक चीनमध्ये घडतं. पाच भारतीय डॉक्टरांचं पथक १९३८ साली तिकडे गेलं, १९३९ च्या सुरुवातीला चिनी कम्युनिस्टांचं केंद्र असलेल्या येनानला पोहोचलं, पुढे कोटणीस उत्तरेकडच्या आघाडीवर गेले आणि कॅनडाहून चीनमध्ये येऊन तिथेच वारलेले शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या खेड्यापाड्यांत चिंगलान चारचौघींसारखी आहे. ज्याच्याकडे लोक वळून वळून बघतात तो माणूस कोटणीस आहे. नाक वेगळं, डोळे वेगळे, वर्ण वेगळा. म्हणजे सावळा नट तुमच्या नाटकाला अडचणीचा तर नाहीच, उलट त्याच्यामुळे गोष्टीतली एक खरी बाब प्रेक्षकाला न सांगता कळते. जो रंग ज्येष्ठांना लपवायचाय, तो या संहितेत कामाचा आहे.

मग चिंगलान चिनी आहे हे कसं दाखवायचं? भाषेतून. माझ्या नाटकांत मी वापरते ती युक्ती सांगते. चिनी पात्रं आपसात स्वच्छ, सहज, घरगुती मराठी बोलतील, कारण ती त्यांची मातृभाषा आहे. कोटणीस त्यांच्याशी बोलू लागले की सुरुवातीला वाक्य अडखळेल, क्रियापद चुकीच्या जागी पडेल, शब्दासाठी हात हवेत चाचपडेल. पथकातल्या दुसऱ्या भारतीय डॉक्टरशी बोलताना तेच कोटणीस झरझर बोलतील. नाटक पुढे सरकेल तसं त्यांचं "चिनी" सुधारत जाईल. प्रेक्षकाला ही रीत दोन प्रवेशांत कळते आणि मग तो ती विसरून जातो. तुमच्या हातात तर याला धरून खरा प्रसंगच आहे. बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात चिंगलान यांनी कोटणीसांना पहिल्यांदा पाहिलं, आणि हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, थोडं लिहितोही, याचं त्यांना नवल वाटलं. त्या नवलाभोवती प्रवेश बांधा. तिथे तुमच्या अभिनेत्रीला टेपने ओढलेले डोळे लागणार नाहीत, मोकळे डोळे लागतील.

टेपला माझा विरोध आधी तांत्रिक कारणाने. पापणीची हालचाल अडते, अभिनयाचं मुख्य हत्यारच बोथट होतं, आणि घामाने एका बाजूची टेप सुटली की सगळा प्रवेश गेला. पण टेप कितीही चांगली चिकटली तरी मी नकोच म्हणेन. एखाद्या समाजाची ओळख म्हणून त्यांच्या चेहऱ्याची एकच खूण उचलायची आणि आपल्या चेहऱ्यावर चिकटवायची, यात त्या माणसांचं माणूसपण कमी होतं. चिंगलान शुश्रूषा शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या, १९४१ मध्ये युद्धाच्या काळात त्यांनी एका परक्याशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि काही महिन्यांत, ९ डिसेंबर १९४२ ला, पती गेले. एवढं सोसलेली बाई दाखवायला तिचे डोळे बारीक करावे लागत असतील, तर संहितेत काहीतरी कमी पडतंय असं समजा. १९४६ च्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या चित्रपटातही ही भूमिका आपल्या जयश्रीबाईंनीच केली आणि कोटणीस स्वतः व्ही. शांताराम झाले. मराठी मुलीने चिंगलान करण्यात मला काहीच गैर वाटत नाही. गैर आहे ते मुखवटा चढवणं. हाच नियम जपानी सैनिकांनाही लावा. त्यांच्या क्रौर्याला दातांचे आणि मिशांचे सोंग लागत नाही.

मणिपूरच्या मुलीबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तिथे तुमचा हेतू चांगला आहे आणि तरीही ती दुखावली जाऊ शकते. मणिपूर भारतात आहे. ती मुलगी जितकी चिनी आहे तितकीच तुम्ही-आम्ही. ईशान्येकडून आपल्याकडे शिकायला आलेल्या मुलामुलींना रस्त्यात "चिनी" म्हणून चिडवलं जातं, हे तुम्हाला ठाऊक असेल. आता तुम्ही तिच्याकडे फक्त तिचा चेहरा बघून गेलात आणि "आमच्या नाटकात चिनी बाई व्हाल का" असं विचारलंत, तर तिने रस्त्यावर ऐकलेलंच तिला पुन्हा ऐकू येईल, फक्त गोड आवाजात. त्याऐवजी कॉलेजात सगळ्यांसाठी वाचनाची सूचना लावा. ती आपणहून आली, तिला नाटकाची हौस असली, मराठी संवाद पेलले, तर इतरांसारखंच तिचं वाचन घ्या, आणि चिंगलानबरोबर दुसऱ्या भूमिकाही तिच्यासमोर ठेवा. कोटणीसांची सोलापुरातली बहीण तिने का करू नये? ती निवड करेल. ती नको म्हणाली तर तिथेच थांबा, गळ घालू नका.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे रंगाने कधीच काही बिघडत नाही. तसं नाही. काही गोष्टींत रंग हाच कथेचा कणा असतो. सोलापूरच्या किल्ल्यावर कुणी नाटक लिहिलं तर मलिक अंबर त्यात येणारच. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभार हाती घेतलेला माणूस. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर त्याने आदिलशाहीकडून सोलापूर घेतलं. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याला त्याच्या वर्णावरून हिणवलंय. अशा नाटकात गोरापान नट उभा करून "आम्ही रंग बघत नाही" म्हटलं, तर त्या माणसाने ज्याच्याशी झुंज दिली तेच आपण पुसून टाकलं. तिथे मी मंडळातला सावळा, दमदार नट शोधेन. पण त्याच्या तोंडाला काळं फासणार नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यावरच्या नाटकांत सिद्दी जौहरला डांबरासारखा रंग लावून आणतात ते मला बघवत नाही. सिद्दी समाजाची माणसं आजही कोकणात आणि कारवारच्या बाजूला राहतात. त्यांच्यातलं कुणी तिसऱ्या रांगेत बसलंय असं समजून रंगभूषा करा. आमच्या नाटकात जौहर त्या नटाच्या स्वतःच्या रंगात होता. त्याचं परकेपण पोशाखातून आणि इतर सरदार त्याच्याशी जे अंतर राखतात त्यातून आलं.

थोडक्यात, मी स्वतःला विचारते ते असं: या गोष्टीत रंगामुळे काही घडतं का? घडत असेल तर तो जाणूनबुजून निवडायचा. घडत नसेल तर त्याला निवडीत मत द्यायचं नाही. दोन्ही वेळा दुसऱ्याचा चेहरा रंगवून आणायचा नाही.

परदेशातल्या ज्या नाटकांचा दाखला तुम्ही दिलात, त्यांच्यातही हेच आहे. 'हॅमिल्टन' हे अमेरिकेच्या संस्थापकांवरचं संगीत नाटक २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये आलं. त्यात वॉशिंग्टन, जेफरसन ही माणसं कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या नटांनी केली. ती निवड आंधळी नव्हती. ज्यांनी गुलाम बाळगले त्यांच्या भूमिका गुलामांच्या वंशजांनी कराव्यात, देशाची गोष्ट आज ज्यांचा देश आहे त्यांच्या तोंडून यावी, असं ठरवून केलेलं ते काम आहे. नोटेवर छापलेला वॉशिंग्टनचा चेहरा प्रत्येक प्रेक्षकाला पाठ असतो, म्हणून तर तो फरक बोलतो. आपल्याकडे तसं काही करायचं तर आधी सांगता आलं पाहिजे की आपण कशासाठी करतोय.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टीही आहेत. तुमचं नाटक पूर्ण वास्तववादी असेल, खरी खोली, खरं रुग्णालय, तर प्रेक्षक दिसण्याबाबत जास्त चोखंदळ होतो. सूत्रधार आणि समूह घेऊन, एकच नट तीन भूमिका करतो अशा शैलीत बसवलंत, तर पहिल्या पाच मिनिटांत तो सगळं मान्य करतो. कुटुंबातली माणसं प्रयोगाला येणार असतील तर त्यांना आधी भेटा. परवानगीसाठी म्हणून नाही, चालण्याबोलण्याच्या बारीक लकबी त्यांच्याकडून मिळतात म्हणून. आणि हौशी मंडळात हाताशी असतील तेवढीच माणसं असतात, तेही विसरून चालत नाही.

रंगभूषा आणि प्रकाशाबद्दल मात्र मी ठाम आहे. दोन शेड वर घेतलेला बेस चेहऱ्यावर बसतो. मान, कान आणि हात तसेच राहतात. आणि तुमचा नायक शल्यविशारद आहे! सगळ्या नाटकभर तो हात धुणार, पट्ट्या बांधणार, शस्त्रक्रिया करणार. प्रेक्षक त्याचे हातच बघणार. गोरा चेहरा आणि सावळे हात, शिवाय घामाने कॉलरवर उतरलेला बेस. त्याच्याच रंगाचा पातळ बेस, भुवया आणि डोळ्यांची रेघ नीट, बस्स.

"सावळा चेहरा मागच्या रांगेतून दिसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा चेहऱ्याची नसते, दिव्यांची असते. मागे काळा पडदा आणि समोरून सपाट पांढरा उजेड असला की सावळा नट पडद्यात विरघळतो. मागून वरच्या बाजूने एक दिवा द्या, खांदे आणि केसांची कडा सुटी होईल. बाजूने अंबर किंवा फिकट पिवळ्या जेलचा, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पट्टीचा, उजेड द्या. सावळ्या त्वचेवर तो फार सुंदर खुलतो, गालाची हाडं उठून दिसतात. रात्रीच्या प्रवेशात नुसत्या निळ्या जेलवर राहू नका, त्यात भाव हरवतात. चेहऱ्यापुरता एक ऊबदार दिवा वेगळा ठेवा. आणि काळा पडदा काढूनच टाका. येनानची गुहाघरं पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेली होती. मातकट पिवळं नेपथ्य तुमच्या गोष्टीला खरं आहे आणि तुमच्या नटालाही उठाव देणारं आहे.

त्याच्या मराठीतल्या तेलुगू वळणाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. सोलापूरकराच्या मराठीत कानडी-तेलुगूचा वास असणं हे सोलापूरचंच लक्षण आहे. शब्द स्पष्ट हवेत, एवढ्यासाठी रोज मोठ्याने वाचन करून घ्या. हेल मोडायला जाऊ नका.

एक जोडून सांगते. आज कोटणीसांच्या रंगावर अडलेलं मंडळ उद्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर नाटक करायला घेईल, तेव्हा कुर्बान हुसेन कोण करणार यावरही अडेल. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन एकाच दिवशी फासावर गेले. ज्या हुतात्मा स्मृती मंदिरात आपण प्रयोग करतो ते त्यांच्या नावाने उभं आहे. ती भूमिका ज्याला पेलेल त्याला द्यावी, उर्दू उच्चार जाणकाराकडून घोटून घ्यावेत, आणि मुसलमान नटाला फक्त तीच भूमिका द्यायची सवय असेल तर ती मोडावी. त्याला धनशेट्टीही करू द्या.

ज्येष्ठांशी वाद घालू नका. त्यांना तालमीला बोलवा, तेही पहिल्या अंकातला समाधीचा प्रवेश उभा राहिल्यावर. पोशाख आणि दोन दिवे लावून तो प्रवेश करा आणि त्यांना शेवटच्या रांगेत बसवा. कोटणीसांबद्दल त्यांना आत्मीयता आहे म्हणूनच ते बोलतायत, आणि ती आत्मीयता तुम्हाला हवीच आहे. त्या काळातल्या गिरण्यांच्या सोलापूरबद्दल त्यांच्याकडून तुमच्या नटाला खूप शिकता येईल. चिंगलानसाठी दोघीतिघींचं वाचन या आठवड्यातच घ्या, प्रत्येकीला तुमच्या मुलासोबत वाचायला लावा, कारण ही भूमिका जोडीवर ठरेल. आणि रंगभूषाकाराला शेवटच्या आठवड्यात न बोलवता आत्ताच एका तालमीला आणून बसवा. प्रवेश बघितल्यावर चेहऱ्यावर काय लागतंय आणि काय लागत नाही, यावर त्याच्याशी बोलणं सोपं जाईल.